बंद तारेतली वीज

मिरज,
९ जून १९५३

चि. प्रेमलता हिला श्यामरावाचे आशीर्वाद.

वर सवयीने 'सौ.' लिहून गेलो होतो. खोडले आहे, तरी शाई दिसेल. क्षमा कर.

दिगंबर गेल्याची तार हातात पडली तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. गाडीने कलकत्ता गाठायचे म्हणजे तीन दिवस. तोवर थांबणे शक्य नव्हते, म्हणून तुझे बंधू दत्तात्रय यांनीच सगळे उरकले. त्यांचे उपकार आहेत. पण बापाने एकुलत्या मुलाचे तोंड पाहिले नाही, हे काही केल्या मनातून जात नाही. तुझ्या सासूबाई त्याचे नाव काढीत नाहीत. स्वयंपाक करतात, वाढतात, विचारले तर उत्तर देतात. रडल्याही नाहीत. मला त्यांची भीती वाटते.

काल दिगंबरच्या वीज कंपनीचे पत्र आले. वादळात तुटलेली तार जोडण्यासाठी दिगंबर खांबावर चढला. खाली जयप्रकाश नावाच्या माणसाने त्या तारेची वीज तोडायची होती, ती त्याने तोडली नाही असा त्यांचा संशय आहे. त्याला कामावरून दूर केले असून सप्टेंबरात चौकशी होईल. तो माणूस मात्र शपथेवर सांगतो की वीज तोडली होती.

तोडली होती, तर माझा मुलगा कशाने मेला? मी तीस वर्षे कोर्टात शिरस्तेदारी केली. खोटे बोलणारी माणसे रोज पाहिली आहेत. त्या माणसाला शिक्षा व्हावी म्हणून मी सविस्तर अर्ज लिहायला घेतला आहे. तू विज्ञानाची पदवीधर, शाळेत मुलींना तेच शिकवतेस. बंद तारेत वीज येऊ शकते का, एवढे मला सांग. अडाण्याला सांगावे तसे सांग.

श्यामराव


भवानीपूर, कलकत्ता,
२१ जून १९५३

ती. मामंजींच्या आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवून,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी संध्याकाळी जयप्रकाश दारात येऊन उभा राहिला. दत्तूदादा त्याला हाकलून देणार होता. मी आत बोलावलं. तो बसला नाही. एवढंच म्हणाला, "बहूजी, लाइन मैंने काटी थी। साहब ने खुद देखा था।" साहब म्हणजे हे. दुसरं काही त्याला सांगता येत नव्हतं. तार कशी जिवंत झाली हे त्यालाही कळलेलं नाही.

मामंजी, मला वाटतं तो खरं बोलतो. का वाटतं ते लिहिते. माझं मराठी कलकत्त्याचं, ह्यांना त्याचं हसू यायचं. चुकलं तर सांभाळून घ्या.

रिळाला दोरा गुंडाळतात तशी तांब्याची तार गुंडाळली की तिचं एक वेटोळं होतं. लोखंडाची एक चौकट घ्यायची. तिच्या एका बाजूवर असं एक वेटोळं बसवायचं, समोरच्या बाजूवर दुसरं. दोन्ही तारांना वेष्टण असतं. त्या एकमेकींना कुठेच टेकत नाहीत. आता पहिल्या वेटोळ्यात वीज सोडली की मधलं लोखंड लोहचुंबक होतं. वीज वाढली की चुंबकाचा जोर वाढतो, कमी झाली की ओसरतो. हा जोर दुसऱ्या वेटोळ्याच्याही आतून जातो. आणि तो बदलत असतो तेव्हा, फक्त बदलत असतानाच, त्या दुसऱ्या तारेत आपोआप वीज ढकलली जाते. तिला कोणी स्पर्श केलेला नसतो. चुंबक नुसता स्थिर असला तर काहीच होत नाही.

इथे शहराच्या जुन्या भागात एकाच दिशेने वाहणारी वीज अजून आहे. तिच्यावर हे यंत्र चालत नाही. पण कारखान्यांना मिळते ती वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे जाऊन मागे येते. ती कधी स्थिर नसतेच. म्हणून दुसऱ्या वेटोळ्यातही ती सतत उमटत राहते. या यंत्राला ट्रान्सफॉर्मर म्हणतात.

ते लावायचं कशासाठी, तर विजेचा दाब बदलण्यासाठी. चौकटीवर तारेचा जो प्रत्येक वेढा असतो, त्याला सारखाच धक्का बसतो. वेढे पंधरापट असले की एकूण दाबही पंधरापट. रस्त्यावरच्या उंच तारांत सहा हजारांचा दाब असतो. त्या तारा पुष्कळ वेढ्यांच्या वेटोळ्याला जोडतात. थोड्या वेढ्यांच्या वेटोळ्यातून चारशेचा दाब मिळतो, तो कारखान्यात जातो.

आता हावड्याला, ह्यांच्या कामाच्या जागी, काय झालं ते. बेलूरच्या बाजूला, त्या तारेच्या टोकाला लोखंड ओतण्याचा एक कारखाना आहे. त्यांच्याकडे स्वतःचं वीज करण्याचं इंजिन आहे. कंपनीची वीज गेली की ते सुरू करतात. त्याआधी कंपनीच्या तारेशी असलेला आपला जोड त्यांनी सोडवायचा असतो. ह्यांचे जुने सहकारी हाजराबाबू सांगतात, त्या दुपारी इंजिनाचा आवाज ऐकू आला होता. जोड सोडवला नसेल तर त्या इंजिनाची चारशेच्या दाबाची वीज उलटी, थोड्या वेढ्यांच्या वेटोळ्यात शिरली. ट्रान्सफॉर्मरला पुढचं मागचं कळत नाही. समोरच्या वेटोळ्यात तिचे सहा हजार झाले आणि ते त्या तोडलेल्या तारेवर आले. एका टोकाला जयप्रकाशने वीज तोडली होती. ती दुसऱ्या टोकाने आली.

हे खांबावर चढले तेव्हा तार खरोखर मेलेली होती. हातात घेतली तेव्हाही असेल. ती नंतर जिवंत झाली.

तुम्ही अर्ज अजून पाठवू नका, एवढी विनंती.

तुमची,
प्रेमलता


मिरज,
४ जुलै १९५३

चि. प्रेमलता,

आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून प्रथम राग आला. मी विचारले माझा मुलगा कसा मेला, आणि हिने मला वेटोळ्यांचा धडा पाठवला. नवऱ्याला जाऊन महिना होत नाही तो ही पोर वेढे मोजते आहे. पत्र फडताळात टाकून दिले. मग वाटले, तिच्याजवळ दुसरे काय आहे? ती तिला येते त्या भाषेत त्याच्याविषयी बोलते आहे. पुन्हा काढून वाचले.

तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. इथल्या हायस्कुलात गुरुदत्त म्हणून विज्ञानाचे शिक्षक आहेत. दिगंबरच्या वर्गातले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी लोखंडी कड्यावर दोन वेटोळी चढवली. एकाला बॅटरी, दुसऱ्याला काटा असलेले यंत्र. मला म्हणाले, "काका, तुम्हीच बटण दाबा." दाबले. काटा टुणकन उडाला आणि परत जागेवर येऊन बसला. मी बटण दाबून धरले. काटा हलेना. मी म्हणालो, "बिघडले." ते म्हणाले, "नाही काका. आता बदल नाही. सोडा." सोडले, तर काटा उलट्या बाजूला उडाला.

ते बटण मी कितीतरी वेळा दाबले आणि सोडले. शाळा सुटून गेली होती. मी साठी उलटलेला माणूस, लहान मुलासारखा ते बटण दाबत बसलो होतो. हे माझ्या मुलाला शिकताना किती आवडत असेल, हे मला कधी सुचले नव्हते.

तेव्हा तुझे म्हणणे मान्य. तार उलटी जिवंत होऊ शकते.

पण माझे आयुष्य जबान्या वाचण्यात गेले. माणूस काय सांगतो यापेक्षा काय वगळतो ते आधी दिसते. कारखाने असे इंजिन सुरू करू शकतात हे कंपनीला पूर्वीपासून ठाऊक असणार. मग त्यावर काही उपाय ठेवलेला नव्हता? खांबावर चढणाऱ्या माणसाने स्वतःचा जीव राखण्यासाठी काय करायचे असते? तुझ्या पत्रात त्या जागी काहीच नाही. तू सगळे इतके नीट लिहिलेस की ही जागा चुकून राहिली असे मला वाटत नाही.

श्यामराव


भवानीपूर, कलकत्ता,
११ ऑगस्ट १९५३

ती. मामंजी,

उत्तराला उशीर झाला. जुलैत इथे ट्रामच्या भाड्यावरून दंगे झाले, गोळीबार झाला, टपाल रखडलं, असं लिहिणार होते. ते झालं हे खरं, पण उशीर त्याने झाला नाही.

उपाय होता. वीज तोडल्यावर, तारेला हात लावण्याआधी, तिच्यावर एक लोखंडी साखळी टाकतात. साखळीचं दुसरं टोक जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेलं असतं. मग तारेत कुठूनही वीज आली, कोणी चुकून सोडली, ट्रान्सफॉर्मरमधून उलटी आली, तरी ती साखळीवाटे जमिनीत उतरते. वर काम करणाऱ्याला धोका राहत नाही. साखळीशिवाय तारेला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. नव्या माणसांना तो नियम हे स्वतः शिकवायचे.

त्या दिवशी ह्यांनी साखळी टाकली नाही.

हाजराबाबूंनी मला दहाव्याच्या दिवशी सांगितलं. आदल्या संध्याकाळी कालबैशाखीचं, आपल्याकडच्या वळवासारखं वादळ झालं होतं. गल्लीत कमरेएवढं पाणी. साखळी ज्या लॉरीत होती ती मागे अडकून पडली. पुढे एका दवाखान्यात रात्रीपासून अंधार होता, तिथली माणसं दोनदा येऊन हात जोडून गेली होती. हाजराबाबू म्हणाले, "दिगंबरबाबू, लॉरी येऊ दे." हे म्हणाले, "जयप्रकाशने तोडली आहे, मी पाहिली आहे. लॉरी आली की उतरून साखळी टाकीन." आणि चढले.

मी तुम्हांला हे लिहिलं नाही, कारण ह्यांच्या नावापुढे ते लागलेलं मला बघवत नव्हतं. तुम्हांला तर कसं बघवलं असतं?

आता अडचण अशी आहे. कारखान्याचा मालक म्हणतो, इंजिन सुरूच नव्हतं. आवाज ऐकणारे आणि नंतर जोड बघणारे एकटे हाजराबाबू आहेत. त्यांनी ते सांगितलं तर पुढचाच प्रश्न साखळीचा येणार. म्हणून ते गप्प बसलेत. परवा मला म्हणाले, "बौदी, दिगंबरबाबूंनी मला काम शिकवलं. त्यांच्याविरुद्ध माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. तुम्ही सांगाल तरच बोलेन." ते गप्प राहिले तर जयप्रकाशची नोकरी कायमची जाईल, खटलाही होईल. ह्यांचं नाव मात्र स्वच्छ राहील.

काय करायचं ते मला कळतं, मामंजी. पण मुलगा तुमचा आहे. तुमच्या पाठीमागे हे करायला मन धजत नाही.

प्रेमलता


मिरज,
२० ऑगस्ट १९५३

चि. प्रेमलता,

हाजराबाबूंना बोलू देऊ नकोस. तो गेला. त्याचे नाव तेवढे उरले आहे. तेही घालवू नकोस. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडता येत नाही. तुझ्या सासूबाईंना यातले काही सांगितलेले नाही, सांगणार नाही.

श्यामराव


मिरज,
२ सप्टेंबर १९५३

चि. प्रेमलता,

मागचे पत्र पेटीत टाकले आणि घरी येऊन जयप्रकाशविरुद्धचा अर्ज पुरा करायला बसलो. 'सदरहू इसमाने वीज तोडली नाही' इथवर आलो आणि हात थांबला. लिहिता येईना. रोज बसतो, तिथेच थांबतो. तीस वर्षे मी माणसांना पिंजऱ्यात उभे करून 'खरे सांगेन' म्हणवून घेतले. आता मीच खोटे लिहायचे, तेही जाणूनबुजून, आणि मुलाच्या नावाने?

काल पुन्हा गुरुदत्तांकडे गेलो. म्हटले, आता तारा उलट जोडा. बॅटरी दुसऱ्या वेटोळ्याला आणि काटा पहिल्याला. त्यांनी जोडल्या. काटा तसाच उडाला. मी म्हणालो, "म्हणजे खरेच दोन्ही बाजूंनी चालते." ते म्हणाले, "चालते काका. त्याला भेदभाव नाही." मग त्यांनी विचारले, "दिगंबरच्या तारेचे असेच झाले का?" मी हो म्हणालो. आणि साखळीचे सांगितले. बाहेरच्या माणसाला प्रथमच सांगितले. वाटले होते ते मान खाली घालतील. ते म्हणाले, "दवाखान्यासाठी चढला? शाळेत असाच होता. आधी उडी, मग विचार." आणि त्यांना हसू आले आणि डोळ्यांत पाणीही आले. मलाही.

तू ज्याचे नाव सांभाळतेस आणि मी ज्याचे नाव सांभाळतो, तो कधी न चुकणारा कोणी भलताच माणूस आहे. आपला दिगंबर असा नव्हता. त्याने त्या माणसाच्या शब्दावर आपला जीव टाकला, आणि तो शब्द खरा होता. त्याच माणसाला मी खोटा ठरवू? दिगंबरला ते आवडले नसते.

हाजराबाबूंना सांग, बोला म्हणावे. माझे मागचे पत्र फाडून टाक.

श्यामराव


भवानीपूर, कलकत्ता,
२४ सप्टेंबर १९५३

ती. मामंजी,

परवा चौकशी झाली. दत्तूदादा बरोबर होता.

एका लांब मेजामागे तिघे साहेब. जयप्रकाश भिंतीशी उभा. त्याने धुतलेला सदरा घातला होता. त्याला पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग हाजराबाबू उठले. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी इंजिनाचा आवाज सांगितला. अपघातानंतर कारखान्यात जाऊन पाहिलं तेव्हा जोड तसाच होता, हेही सांगितलं. मालकाचा वकील उठला, "काय पुरावा?" तेव्हा मधल्या साहेबांनी, जे स्वतः इंजिनियर आहेत, त्यांनी शांतपणे विचारलं, "वीज तोडलेली होती हे जयप्रकाश आणि हाजराबाबू दोघेही सांगतात. मग तार जिवंत झाली ती दुसरीकडून कुठून?" वकील बसला. तारेच्या त्या तुकड्यावर स्वतःचं इंजिन असलेला तो एकच कारखाना होता.

मग तो प्रश्न आला. "साखळी?"

हाजराबाबू पुन्हा माझ्याकडे बघायला लागले. साहेबांनी पुन्हा विचारलं. हाजराबाबू रडायला लागले, मामंजी. एवढा मोठा माणूस. मग मीच उठले. म्हटलं, "साखळी टाकली नव्हती. लॉरी पाण्यात अडकली होती. माझे यजमान तिच्यासाठी थांबले नाहीत."

साहेब म्हणाले, "बाई, हे लिहून घेतलं तर अहवालात त्यांची चूक म्हणून राहील. आपल्या लक्षात आलं आहे ना?"

मी म्हटलं, "हो. पण इंजिन आधी लिहा. आणि जयप्रकाशने वीज तोडली होती, हे त्याच्याही आधी."

त्यांनी तसंच लिहिलं. मला वाचून दाखवलं.

जयप्रकाशला पुन्हा कामावर घेतलं आहे. कारखान्यावर स्वतंत्र खटला चालेल म्हणतात, त्याचं काय होईल ते होईल. बाहेर आल्यावर जयप्रकाश माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले. त्याला म्हटलं, "तुम्ही कशाला? तुम्ही तुमचं काम केलं होतं." तो गेला, आणि मी तिथेच पायरीवर बसले. दत्तूदादा ट्राम आली, ट्राम आली म्हणत होता. मला उठता येईना. इतके दिवस जयप्रकाशला वाचवायचं होतं, ह्यांची बाजू सांभाळायची होती, कसली ना कसली घाई होती. आता काहीच उरलं नाही. आता हे नाहीत, एवढंच उरलं.

पूजेची सुट्टी लागते आहे. रस्त्यांवर मांडव उभे राहतायत. शाळेतल्या मुली नव्या कपड्यांचं बोलतात. मी घरीच असेन.

सासूबाईंना सांगितलंत का? मी त्यांची आठवण काढते.

प्रेमलता


मिरज,
५ ऑक्टोबर १९५३

चि. प्रेमलता,

तुझे पत्र आले. तू केलेस ते योग्य केलेस. याहून अधिक लिहिता येत नाही.

सासूबाईंना मी सगळे सांगितले. कारखाना, इंजिन, साखळी. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवले आणि मोठ्याने म्हणाल्या, "थांबला का नाही मेला!" आणि मग चार महिन्यांनी प्रथम रडल्या. मी जवळ बसून राहिलो. शेजारच्या शैलाताई धावत आल्या, त्यांना मी खुणेने परत पाठवले.

आता त्यांनी माझ्या हातातून कागद ओढून घेतला आहे. पुढचे अक्षर त्यांचे.

श्यामराव

प्रेमा, मला लिहायची सवय नाही. तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. त्या माणसाला पण बायकापोरं असतील. पण मला दिगूचा फार राग येतो. लॉरीसाठी थांबायला काय झालं होतं त्याला? लहानपणी चटका बसल्याशिवाय ऐकायचा नाही. गेलेल्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. तुला पण आला असेल, तू कोणाला सांगितला नसशील. सुट्टीत इकडे ये. हे गाडीवर येतील. मामंजींसमोर बोलायचं नाही, मागच्या दारी बसू. दोघी मिळून त्याला काय बोलायचं ते बोलू.

तुझी आई